'रिव्हर्ट', 'कॅन्सल', 'लॉगिन': सॉफ्टवेअरमधील सूचनांसाठी अचूक इंग्रजी शब्द कसे निवडावेत?

प्रश्न
सूचनालेखिका_नागपूर

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मजकूर लिहिण्याचे काम करते. कळमना बाजारातील अडत्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम तयार केला असून मालाची आवक, काटापट्टी, हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबपट्टी हा सगळा व्यवहार त्यात नोंदवता येतो. स्क्रीनवरचा मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठी व हिंदी आवृत्त्या त्यावरूनच व्हायच्या आहेत, त्यामुळे इंग्रजीत राहिलेली चूक तिन्ही भाषांत उतरेल ही भीती मला सतत वाटते.

मागील महिन्यात चाचणीसाठी हा प्रोग्राम एका दुकानात बसवला होता. तेथील मुनीम वयस्क आहेत आणि कामात अत्यंत चोख आहेत. तुरीच्या एका मोठ्या आवकेची वजने त्यांनी काटापट्ट्या पाहून दुरुस्त केली आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्यातले 'रिव्हर्ट' हे बटण दाबले. त्यांच्याकडे येणाऱ्या व्यापारी पत्रांत 'प्लीज रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट' असे नेहमी लिहिलेले असते, म्हणजे लवकर उत्तर कळवा. म्हणून हे बटण दाबले की दुरुस्त झालेली पट्टी समोरच्याला कळवली जाईल, असे त्यांनी मानले. प्रत्यक्षात सगळ्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या आणि नोंद सकाळच्या चुकीच्या आकड्यांवर परत गेली. काटापट्ट्या पुन्हा गोळा करून वजने भरेपर्यंत काटोलकडून आलेले दोन शेतकरी पैशासाठी दुपारपर्यंत बसून राहिले. आमच्या प्रोग्रामरचे म्हणणे असे की शब्द बरोबर आहे, 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे, आणि कोणताही शब्दकोश तेच सांगेल. शब्दकोशाबद्दल माझी तक्रार नाही. पण चूक मुनीमांची होती हे मला मान्य करवत नाही.

याच अनुषंगाने आणखी काही गोष्टींवर मला मार्गदर्शन हवे आहे. प्रत्येक सूचनेच्या आरंभी 'प्लीज' लिहावे का? 'क्लिक', 'टॅप', 'प्रेस' आणि 'सिलेक्ट' यांतील कोणता शब्द कोठे वापरावा? 'लॉगिन' एकत्र लिहावे की 'लॉग इन' असे तोडून, की 'साइन इन' म्हणावे? बिल रद्द करताना आमच्याकडे 'डू यू वॉन्ट टू कॅन्सल धिस बिल?' असा प्रश्न येतो आणि खाली 'ओके' व 'कॅन्सल' अशी दोन बटणे असतात. यात काहीतरी बिघडले आहे हे जाणवते, पण दुरुस्ती सुचत नाही. मुदत सांगताना 'टिल ३१ मार्च' म्हटले तर ३१ तारीख धरली जाते की नाही, यावरून कार्यालयात वाद झाला आहे. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न असा, की अचूक इंग्रजी कोणते मानावे: लंडन किंवा न्यूयॉर्कमधील पुस्तकातले, की माझ्या वाचकाला रोजच्या पत्रव्यवहारातून ठाऊक झालेले?


उत्तर १
तांत्रिक_लेखक_धरमपेठ

ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच आधी घेतो, कारण त्याचे उत्तर ठरले की बाकीची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. सूचनेतला शब्द वाचून वाचकाचा हात पुढे काय करणार आहे, यावर त्या शब्दाची अचूकता ठरते. ज्या शब्दाचे तुमच्या वाचकांमध्ये दोन अर्थ जिवंत आहेत, तो शब्द कितीही प्रतिष्ठित शब्दकोशात असला तरी बटणावर बसवण्यास अयोग्य आहे. याचा अर्थ असा नव्हे की 'रिव्हर्ट' हा शब्द उत्तर देणे या भारतीय अर्थाने तुम्ही वापरावा, कारण मग संगणकाचे शिक्षण घेतलेला तरुण कारकून उलट दिशेने फसेल. दोघांनाही एकच अर्थ देणारा शब्द शोधावा लागतो, आणि तो बहुधा साधा असतो. येथे 'डिसकार्ड चेंजेस' असे लिहिता येईल. क्रियापदापाठोपाठ त्याचे कर्म लिहिले की संदिग्धता निम्म्याहून अधिक संपते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. एकटे क्रियापद बटणावर ठेवण्याचा मोह जागा वाचवण्यासाठी होतो. परंतु तुमच्या मुनीमांची सकाळ त्या दोन सेंटिमीटर जागेपेक्षा मोलाची होती.

'कॅन्सल'ची अडचण याच जातीची आहे. प्रश्नात 'कॅन्सल' म्हणजे बिल रद्द करणे आणि बटणावर 'कॅन्सल' म्हणजे रद्द करण्याचा विचार सोडून देणे, असे एकाच चौकटीत एकाच शब्दाचे दोन परस्परविरोधी अर्थ झाले आहेत. बटणांवर 'ओके', 'येस', 'नो' असे शब्द टाळून प्रत्यक्ष होणारी क्रिया लिहावी, असे ॲपल आणि ग्नोम (लिनक्स संगणकांवरची डेस्कटॉप प्रणाली) या दोहोंच्या मांडणीविषयक मार्गदर्शिका सांगतात. त्यानुसार प्रश्न 'कॅन्सल बिल ४१७?' असा ठेवून खाली 'कॅन्सल बिल' आणि 'कीप बिल' अशी बटणे द्यावीत. प्रश्न न वाचता केवळ बटणे वाचणारा माणूसही मग योग्य बटण दाबेल, आणि गर्दीच्या वेळी सगळेच केवळ बटणे वाचतात. बिलाचा क्रमांक घालण्यास विसरू नये. समोर कोणते बिल उघडे आहे याचा विसर पडलेल्या माणसाला तोच सावध करतो. आणखी एक सूक्ष्म भेद पाळावा: रद्द झालेल्या बिलाचा क्रमांक हिशोबात राहतो, पुसलेली नोंद राहत नाही, म्हणून बिलासाठी 'कॅन्सल' आणि कच्च्या नोंदीसाठी 'डिलीट' असे शब्द कायमचे वाटून द्यावेत आणि एकाच्या जागी दुसरा कधीही वापरू नये.

'क्लिक' आणि इतर शब्दांबाबत मोठ्या कंपन्यांच्या मार्गदर्शिका एकमेकींशी पूर्ण सहमत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शिका 'सिलेक्ट' हा शब्द पसंत करते, कारण तो माऊस, बोट आणि कीबोर्ड या तिन्हींना लागू पडतो. गूगलची विकसकांसाठीची मार्गदर्शिका माऊससाठी 'क्लिक' आणि स्पर्शाच्या स्क्रीनसाठी 'टॅप' असा भेद करते. कीबोर्डवरच्या कळेसाठी 'प्रेस' सर्वत्र चालतो. 'क्लिक ऑन' मधील 'ऑन' अनावश्यक आहे. तुमचा प्रोग्राम दुकानात संगणकावर आणि यार्डात मोबाइलवर, असा दोन्हीकडे चालणार असेल तर 'सिलेक्ट' घ्यावा. केवळ संगणकावर चालणार असेल तर 'क्लिक' अधिक ओळखीचा आहे. मात्र एकदा ठरवले की पुस्तिकेच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच शब्द ठेवावा. शब्द बदलला की क्रियाही वेगळी असावी, अशी शंका वाचकाला येते.

'लॉग इन' तोडून लिहिले की ते क्रियापद आणि 'लॉगिन' जोडून लिहिले की ते नाम किंवा विशेषण. 'लॉग इन टू द प्रोग्राम' बरोबर, 'लॉगिन स्क्रीन' हेही बरोबर, पण 'लॉगिन टू द प्रोग्राम' चूक. 'सेट अप' आणि 'सेटअप', 'बॅक अप' आणि 'बॅकअप', 'शट डाउन' आणि 'शटडाउन' यांनाही हाच नियम लागतो. पारखण्याची एक सोपी युक्ती अशी, की वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे: 'लॉग्ड इन' असे होते, 'लॉगिन्ड' होत नाही; म्हणजे क्रियापद हे दोन शब्दांचेच आहे. 'साइन इन' हा शब्द मायक्रोसॉफ्ट पसंत करते, परंतु ज्या बाजारात 'साइन' म्हणजे कागदावरची सही, आणि ती सही रोज शंभर वेळा होते, तेथे मी 'लॉग इन' ठेवेन.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. अट आधी आणि क्रिया नंतर लिहावी. 'टर्न ऑफ द स्केल आफ्टर द वेट इज सेव्ह्ड' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु पहिले चार शब्द वाचताच काटा बंद करणारे हात मी पाहिले आहेत. 'आफ्टर द वेट इज सेव्ह्ड, टर्न ऑफ द स्केल' असे लिहिले म्हणजे क्रम आणि कृती यांचा मेळ बसतो. मराठीत आपण 'वजन जतन झाल्यावर काटा बंद करा' असेच म्हणतो. अट आधी येणे हे आपल्या भाषेच्या अंगातच आहे. इंग्रजी लिहिताना मात्र ते इंग्रजीसारखे दिसावे म्हणून आपण हा चांगला क्रम मुद्दाम उलटा करतो, आणि तसे करण्याची येथे मुळीच गरज नाही.


उत्तर २
विमान_देखभाल_निवृत्त

नमस्कार. माझे आयुष्य विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका वाचण्यात गेले. मिहानमधील देखभाल केंद्रामुळे आता नागपूरकरांनाही हे क्षेत्र परके राहिलेले नाही. तुमच्या मूळ प्रश्नाशी या क्षेत्राने फार पूर्वी झगडा केला आहे, कारण विमानाची पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती वाचणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यातून युरोपातील विमान उद्योगाने नियंत्रित इंग्रजीची एक मार्गदर्शिका १९८६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तीच पुढे २००५ पासून एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्य सूत्र असे, की एका शब्दाला एकच अर्थ आणि एकच व्याकरणिक भूमिका द्यावी. उदाहरणार्थ, 'फॉलो' म्हणजे मागाहून येणे एवढाच अर्थ तेथे मान्य आहे. सूचना पाळा असे सांगायचे असेल तर 'ओबे' लिहावे लागते. 'क्लोज' म्हणजे बंद करणे. जवळ या अर्थाने तो शब्द चालत नाही, तेथे 'निअर' लिहावे लागते. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांहून मोठे नसावे, वर्णनाचे २५ शब्दांहून मोठे नसावे आणि एका वाक्यात शक्यतो एकच कृती असावी, असेही तीत सांगितले आहे. उघड्या पंख्याजवळ उभ्या असलेल्या माणसाने सूचना दोनदा वाचावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यामागचे कारण.

हे सूत्र तुमच्या प्रोग्रामला लावून पाहिले तर पहिला शब्द मला 'चेक' दिसतो. वजन पडताळणे म्हणजे 'चेक', चौकोनात खूण करणे म्हणजे 'चेक' आणि व्यापाऱ्याने बँकेवर काढून दिलेला कागद म्हणजेही 'चेक'. अमेरिकन स्पेलिंग वापरले तर तिन्ही अगदी एकसारखे लिहिले जातात. 'चेक द चेक अमाउंट' अशी सूचना मी स्वतः एका बिलिंग प्रोग्राममध्ये पाहिली आहे. माझी शिफारस अशी, की पडताळणीसाठी 'मेक शुअर' किंवा 'व्हेरिफाय' घ्यावे, खुणेच्या चौकोनासाठी 'सिलेक्ट' आणि खूण काढण्यासाठी 'क्लिअर' घ्यावे, आणि बँकेच्या चेकचे स्पेलिंग आपल्याकडे रूढ आहे तसे क्यू-यू-ई असेच ठेवावे.

दुसरा धोक्याचा शब्द 'मे' हा आहे. 'द प्रिंटर मे नॉट बी स्विच्ड ऑन' याचा अर्थ प्रिंटर सुरू करू नये असा होतो की प्रिंटर सुरू नसण्याची शक्यता आहे असा होतो? दोन्ही होतात. मनाई असेल तर 'डू नॉट स्विच ऑन द प्रिंटर' असे सरळ लिहावे, शक्यता असेल तर 'माइट' वापरावा आणि क्षमता असेल तर 'कॅन'. 'शुड' आणि 'मस्ट' यांतही असाच घोळ होतो. इंटरनेटची मानके लिहिणाऱ्यांनी यासाठी १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा स्वतंत्र दस्तऐवजच काढला: 'मस्ट' म्हणजे अनिवार्य, आणि 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केलेला असेल तरच सोडता येईल असे. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव असलेच पाहिजे, तर तेथे 'शुड' लिहून मवाळपणा आणू नये.


उत्तर ३
इंग्रजी_शिक्षक_महाल

मुदतीच्या शब्दांबाबत थोडक्यात सांगतो. 'टिल' हा शब्द चालू राहणाऱ्या क्रियेसाठी आहे: दुकान ३१ मार्चपर्यंत उघडे राहील, तर 'ओपन टिल ३१ मार्च'. एकदाच करायच्या क्रियेसाठी, म्हणजे पट्टी सादर करणे, पैसे भरणे यांसाठी, 'बाय' हवा. 'बाय ३१ मार्च' मध्ये ती तारीख धरली जाते, 'बिफोर ३१ मार्च' मध्ये धरली जात नाही. तरीही वाद होऊच नये असे वाटत असेल तर वेळ लिहावी: 'बाय ५ पीएम ऑन ३१ मार्च'. '१२ एएम' मात्र कधीही लिहू नये; ३१ मार्चचे १२ एएम म्हणजे त्या दिवसाचा आरंभ, पण बहुतेकांना तो शेवट वाटतो. महिना अक्षरांतच लिहावा, कारण ०३/०४ ही आपल्यासाठी ३ एप्रिल आणि अमेरिकन मांडणीच्या संगणकासाठी ४ मार्च असते.

'अपडेशन' असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही, 'अपडेट' पुरेसा आहे. 'डाउनलोड द फॉर्म अँड सबमिट द सेम' यातील 'द सेम' जुन्या कचेरीच्या भाषेतून आला आहे. तेथे 'इट' लिहावे. स्पेलिंगसाठी ब्रिटिश पद्धती घेतली तर 'लायसन्स' नाम असताना शेवटी सी-ई आणि क्रियापद असताना एस-ई येते. परंतु संगणकाचा 'प्रोग्राम' ब्रिटिश लेखनातही एका एम् वरच संपतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे पडेल. मोठ्या मार्गदर्शिका 'प्लीज' काढून टाकावयास सांगतात हे मी वाचले आहे, पण नुसते 'एंटर द वेट' हे आपल्या कानाला हुकमासारखे लागते. वडीलधाऱ्या मुनीमांना संगणकाने असे बोलावे का?


उत्तर ४
अनुवादिका_सीताबर्डी

सरांच्या या शंकेत मला फार महत्त्वाची गोष्ट दिसते, म्हणून तेथूनच आरंभ करते. मराठीत आज्ञार्थाला पायऱ्या आहेत: 'वजन भर', 'वजन भरा', 'वजन भरावे'. इंग्रजीत 'एंटर द वेट' ही एकच पायरी आहे आणि ती आपल्या कानात 'भर' या पायरीवर जाऊन बसते. राहिलेला आदर भरून काढण्यासाठी आपण 'प्लीज' जोडतो. इंग्रजी सूचनेत ते क्रियापद ना वरचे असते ना खालचे, आणि पाककृतीतही तेच रूप वापरतात. मराठी आवृत्तीत मी 'वजन भरा' लिहिणार आहे. त्यातील 'आ'कारातच मुनीमांचा मान राखला जातो आणि वेगळे 'कृपया' लागत नाही. इंग्रजीत प्रत्येक ओळीत 'प्लीज' असेल तर मराठीत प्रत्येक ओळीत 'कृपया' येईल, आणि चाळीस 'कृपयां'मध्ये खरोखर विनंती असलेली जागा हरवेल. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शिकेतील सवलत मला रास्त वाटते: वापरणाऱ्याला गैरसोय सोसावी लागणार असेल, किंवा दोष प्रोग्रामचाच असेल, तेथे 'प्लीज' अवश्य लिहावे. सर्व्हर बंद पडल्यामुळे पट्टी पुन्हा भरावी लागणार असेल तर तेथे 'कृपया' हवेच, आणि त्याच्या आधी क्षमायाचनाही हवी.

आता अनुवादाच्या बाजूने काही विनंत्या करते. इंग्रजीत एकटा शब्द ठेवला की त्याची जात कळत नाही. 'ओपन' म्हणजे उघडा की उघडे असलेले? 'लेफ्ट' म्हणजे डावीकडे की शिल्लक? 'ऑर्डर' म्हणजे मागणी, क्रम की आदेश? तुमच्या प्रोग्राममध्ये हे शब्द असतील तर माझ्या हाती येणाऱ्या फाइलमध्ये ते निराधार येतात आणि मला अंदाज बांधावा लागतो. प्रोग्रामर जर गेटटेक्स्ट, म्हणजे प्रोग्राममधील मजकुराचे अनुवाद सांभाळणारे साधन, वापरत असतील तर त्यात प्रत्येक शब्दासोबत संदर्भ नोंदवण्याची सोय आहे. ती त्यांनी वापरावी असा आग्रह धरा.

'न्यू' या शब्दाने तर मला सर्वांत अधिक छळले आहे. इंग्रजीत शेतकऱ्याच्या, पावतीच्या आणि पोत्याच्या स्क्रीनवर तोच 'न्यू' चालतो, म्हणून प्रोग्रामर तो एकदाच साठवतात. मराठीत मात्र नवा शेतकरी, नवी पावती आणि नवे पोते असतात. मी कोणतेही एक रूप लिहिले तरी दोन स्क्रीन चुकणारच. मूळ इंग्रजीतच 'न्यू फार्मर', 'न्यू स्लिप', 'न्यू बॅग' असे लिहिले तर हा प्रश्न उद्भवत नाही, आणि धरमपेठच्या सरांनी सांगितलेला क्रियापदासोबत कर्म लिहिण्याचा नियमही त्याच दिशेने जातो. त्याचप्रमाणे वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवू नयेत. 'यू हॅव', मग आकडा, मग 'बॅग्ज लेफ्ट' असे तीन तुकडे वेगवेगळे साठवले तर मराठीत क्रियापद शेवटी नेण्यास जागाच उरत नाही. संपूर्ण वाक्य एकत्र ठेवून आकड्याची जागा त्यात मोकळी ठेवावी. एकवचन आणि अनेकवचन यांची वाक्येही स्वतंत्र हवीत, कारण इंग्रजी आणि मराठीत अशी दोन रूपे असली तरी पोलिशमध्ये तीन आणि अरबीत सहा रूपे लागतात, आणि त्यासाठी गेटटेक्स्टमध्ये तरतूद केलेली आहे.

एक धोक्याची सूचना वेळेबाबत आहे. इंग्रजी मजकूर अनुवादापूर्वी पक्का करा. गेटटेक्स्टमध्ये मूळ इंग्रजी वाक्य हीच अनुवादाची किल्ली असते. त्यात एक स्वल्पविराम बदलला तरी जुना अनुवाद शंकास्पद म्हणून बाजूला पडतो आणि तो पुन्हा तपासून मान्य करेपर्यंत स्क्रीनवर इंग्रजीच दिसते. शेवटच्या आठवड्यात केलेल्या शंभर लहान दुरुस्त्यांमुळे पूर्ण झालेली मराठी आवृत्ती पुन्हा अर्धी इंग्रजी झालेली मी पाहिली आहे.

पुस्तिकेत 'हिरवे बटण दाबा' किंवा 'उजवीकडचे गोल चिन्ह' असे लिहिले असेल तर तेही कृपया बदला. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत किंवा जे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असतात, त्यांच्यासाठी ती सूचना निरुपयोगी ठरते. बटणावर लिहिलेले नाव हीच त्याची खरी ओळख असते.


प्रश्नकर्तीचे उत्तर
सूचनालेखिका_नागपूर

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले याबद्दल मी अत्यंत आभारी आहे. गेल्या चार दिवसांत मी संपूर्ण मजकूर पुन्हा वाचून काढला. 'चेक' हा शब्द तीन अर्थांनी खरोखरच आला होता, आणि एका ठिकाणी तर दोन अर्थ एकाच ओळीत होते. 'न्यू' सात स्क्रीनवर होता. अट आधी लिहिण्याचा नियम लावल्यावर पुस्तिकेतील जवळजवळ प्रत्येक पानावर काहीतरी बदलावे लागले, आणि बदललेली वाक्ये मला स्वतःलाही सोपी वाटली. मराठीत विचार करून तोच क्रम इंग्रजीत ठेवला तर चालते, हे मला यापूर्वी कोणीही सांगितले नव्हते.

'रिव्हर्ट'च्या जागी 'डिसकार्ड चेंजेस' लिहून मी कागदावर दोन मुनीमांना दाखवले आणि हे बटण दाबल्यावर काय होईल असे विचारले. धाकट्यांनी बरोबर सांगितले. ज्यांच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या होत्या, त्यांनी मात्र 'डिसकार्ड' हा शब्द आपल्याला ठाऊक नाही असे स्पष्ट सांगितले आणि 'चेंजेस' वाचून ते बटण बदल करण्यासाठी असावे असा तर्क केला. म्हणजे दोन अर्थांचा शब्द गेला, पण त्याच्या जागी अनोळखी शब्द आला. 'डोन्ट सेव्ह' सुचला होता. परंतु स्क्रीन सोडून जाताना तो ठीक वाटतो, काम चालू असताना कोपऱ्यात तो विचित्र दिसतो. 'रिमूव्ह माय चेंजेस' कसे वाटेल? 'रिमूव्ह' हा शब्द त्यांना ठाऊक आहे, कारण यादीतून नाव काढण्यासाठी तो रोज वापरात आहे.


उत्तर ५
तांत्रिक_लेखक_धरमपेठ

माझा 'डिसकार्ड' मागे घेतो. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनाच विचारून तुम्ही निर्णय केलात, तोच ग्राह्य आहे. 'रिमूव्ह माय चेंजेस' ठेवावे. 'माय' या शब्दाला मार्गदर्शिका लिहिणारे काही जण हरकत घेतील, परंतु दुकानात एकाच नोंदीवर दोन माणसे काम करत असतील तर कोणाचे बदल जाणार हे त्याच शब्दामुळे कळते, म्हणून तो राहू द्यावा. मात्र एवढ्यावर थांबू नये. बटण दाबल्यावर 'रिमूव्ह २३ चेंजेस?' असा आकड्यासह प्रश्न यावा आणि खाली 'रिमूव्ह' व 'कीप' अशी बटणे असावीत. शब्द समजला नाही तरी २३ हा आकडा पाहून मुनीमांचा हात थांबेल. हे बटण 'सेव्ह'च्या शेजारीही ठेवू नये, त्या दोहोंत स्पष्ट अंतर हवे.


उत्तर ६
अनुवादिका_सीताबर्डी

मराठीत 'मी केलेले बदल काढून टाका' आणि प्रश्नात 'केलेले २३ बदल काढून टाकायचे का?' असे होईल. बटणांवर 'काढून टाका' आणि 'राहू द्या'. एकच बदल असेल तेव्हाचे वाक्य वेगळे पाठवावे, म्हणजे 'केलेला १ बदल काढून टाकायचा का?' असे नीट लिहिता येईल.


प्रश्नकर्तीचे उत्तर
सूचनालेखिका_नागपूर

दोन्ही वाक्ये स्वतंत्र साठवण्यास प्रोग्रामरनी मान्यता दिली आहे. सोमवारी लिलाव संपल्यावर नवी स्क्रीन घेऊन त्याच दुकानात जाणार आहे, आणि या वेळी प्रथम इंग्रजी व मग मराठी अशा दोन्ही आवृत्त्या त्याच मुनीमांसमोर ठेवणार आहे.